सैतानी ट्रक, आपटलेला चित्रपट आणि सावरलेला बँड

१/ जुलै १९८६. अमेरिकेत 'मॅक्सिमम ओव्हरड्राइव्ह' हा भयपट प्रदर्शित झाला आणि पाहता पाहता आपटला. मात्र त्याच्यासाठी रचलेल्या एका हार्ड रॉक गाण्याने उताराला लागलेल्या बँडला सावरले. एसी/डीसीच्या 'हू मेड हू'चा हा इतिहास. #धागा

२/ माल्कम आणि अँगस यंग या भावांनी १९७३ मध्ये सिडनीत हा बँड स्थापन केला. 'बॅक इन ब्लॅक'ने (१९८०) त्याला जागतिक कीर्ती मिळवून दिली. परंतु 'फ्लिक ऑफ द स्विच' (१९८३) आणि 'फ्लाय ऑन द वॉल' (१९८५) या अल्बमांना तसा प्रतिसाद लाभला नाही.

३/ १९८५ हे वर्ष तर अधिकच प्रतिकूल ठरले. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील हत्यासत्राचा सूत्रधार रिचर्ड रमिरेझ पकडला गेला. तो या बँडचा चाहता निघाला आणि वृत्तपत्रांनी 'नाइट प्राउलर' (१९७९) या गाण्याचा संबंध त्याच्या क्रौर्याशी जोडला.

४/ सप्टेंबरमध्ये गाण्यांतील आक्षेपार्ह शब्दांवर अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. त्यामागील पालक-संघटनेच्या १५ गाण्यांच्या यादीत एसी/डीसीचेही एक गाणे होते.

५/ अशा बदनामीच्या काळात भयकथांचा सम्राट स्टीफन किंग याने या बँडकडे संगीत मागितले. तो त्यांचा निस्सीम चाहता होता आणि 'ट्रक्स' या स्वतःच्याच कथेवर पहिला चित्रपट दिग्दर्शित करत होता. तोच त्याचा अखेरचाही ठरला.

६/ कथानक असे: पृथ्वी धूमकेतूच्या शेपटीत सापडते आणि यंत्रे माणसांवर उलटतात. चालकाविना धावणारे ट्रक महामार्गावरील एका थांब्याला वेढा घालतात. निर्माता कोण आणि निर्मिती कोण, हा गाण्याच्या शीर्षकातील प्रश्न तेथूनच येतो.

७/ चित्रीकरणात ही कल्पना भीषणरीत्या खरी ठरली. दूरनियंत्रित गवत कापण्याच्या यंत्राने उडवलेल्या लाकडाच्या ढलप्यांमुळे छायालेखक अर्मांडो नानुत्झी यांचा एक डोळा गेला.

८/ 'हू मेड हू'साठी थोरला भाऊ जॉर्ज यंग आणि हॅरी वांडा ही बँडच्या आरंभकाळातील निर्माता-जोडी परतली. अल्बममध्ये ९ रचना होत्या. त्यांपैकी केवळ ३ नव्या आणि त्यांतील २ शब्दविरहित.

९/ उरलेली ६ जुनी गाणी होती. त्यांपैकी 'राइड ऑन'मध्ये १९८० साली निवर्तलेल्या बॉन स्कॉटचा आवाज आहे. गाजलेल्या गाण्यांचे संकलन काढणे हा बँड टाळत असे. त्यामुळे नव्या पिढीला हा भयपटाचा अल्बमच त्याच्या संगीताचे प्रवेशद्वार ठरला.

१०/ गाण्याचा व्हिडिओ लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीत चित्रित झाला. अँगसचा शाळकरी गणवेश ल्यालेल्या चाहत्यांची फौज त्यात दिसते. जणू साच्यातून निघालेल्या प्रतिकृतीच.

११/ ब्रिटनच्या यादीत गाणे १६व्या क्रमांकावर पोहोचले. अमेरिकेत अल्बमची विक्री कालांतराने ५० लाखांवर गेली. चित्रपटाला मात्र निर्मितीखर्चही वसूल करता आला नाही आणि सर्वांत वाईट दिग्दर्शनाच्या रॅझी पुरस्कारासाठी किंगला नामांकन मिळाले.

१२/ त्याच निर्माता-जोडीसह काढलेला 'ब्लो अप युवर व्हिडिओ' (१९८८) ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेला. ज्या बँडवर भय पसरवल्याचा ठपका होता, त्याला नवा श्रोता एका भयपटानेच मिळवून दिला. चित्रपट विस्मृतीत गेला, तरी गाणे वाजतच राहिले.