दोन डासांचा निबंध

आता प्रकाशनाकडे वळू. सार्वजनिक आरोग्यातल्या नवख्या संशोधकाला शोधनिबंध लिहायला शिकवतं कोण? फार काळ याचं उत्तर होतं : नशिबात असेल तो गुरू.

1894 साली रजेवर लंडनला गेलेले रोनाल्ड रॉस पॅट्रिक मॅन्सन यांना भेटले. मॅन्सननी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियाचा परजीवी दाखवला. रॉस भारतात परतले आणि पुढच्या काही वर्षांत दोघांमध्ये दीडशेहून अधिक पत्रं गेली-आली. हाच त्यांचा वर्ग, टपालानं चाललेला!

20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला रॉसना डासाच्या पोटाच्या भिंतीत रंगकण असलेल्या पेशी दिसल्या. निबंध डिसेंबरमध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. त्याचं शीर्षक जरा बघा. मलेरियाचं रक्त प्यायलेल्या दोन डासांत आढळलेल्या काही विलक्षण पेशी, एवढाच त्याचा आशय. मलेरियाचं कोडं सुटलं वगैरे काही नाही. जेवढं दिसलं तेवढंच. मला विचाराल तर लिहिण्यातला सगळ्यात अवघड धडा हाच.

तोवर सरकारनं रॉसना खेरवाड्याला पाठवलं होतं. मॅन्सननी लंडनमध्ये खटपट केली, रॉसना कलकत्त्यात संशोधनासाठी मोकळीक मिळाली. जुलै 1898 मध्ये पक्ष्यांच्या मलेरियाचा मार्ग उलगडला, तो एडिनबरोच्या सभेत जाहीर केला मॅन्सननीच. 1902 चं नोबेल रॉसना मिळालं.

पण कलकत्त्यात हाताखाली राबणारा महंमद बक्ष? त्याला कुणी मॅन्सन भेटला नाही. लेखक म्हणून त्याचं नाव कुठंच नाही.

एकदम 2009 मध्ये येऊ या. क्षयरोगावर काम करणारी 'द युनियन' आणि 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' यांनी पॅरिसला एक अभ्यासक्रम सुरू केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीनं तो पुढं 'सॉर्ट इट' या नावानं पसरला. आराखडा, आकडे, लेखन असे टप्पे, प्रत्येकाला मार्गदर्शक. नियम कडक : टप्पा चुकला की बाहेर. शेवटच्या सत्रानंतर चार आठवड्यांत निबंध नियतकालिकाकडे गेलाच पाहिजे. नुसत्या हजेरीवर प्रमाणपत्र नाही. शिकायला येतात ते बहुधा आरोग्य कार्यक्रमात काम करणारेच, आकडे त्यांच्याच नोंदवह्यांतले. आणि निबंधावर पहिलं नाव शिकणाऱ्याचं.