ओमाच्या घरातली शाळेची वर्षं

ओमा आठ वर्षं शाळेत गेली. तिची लेक तेरा इयत्ता शिकली, पण वर्षं मोजली तर बारा आणि वर चार महिने भरतात. थोरला नातू पुरी तेरा वर्षं शिकला, धाकटी नात बाराच. लेक, नातू, नात, तिघांनी शेवटी दिली ती परीक्षा एकच, आबिटुर. एक घर, एक गाव, तरी हा असा हिशेब. त्यामुळे जर्मनीत शाळा किती वर्षांची असते असं इकडे कुणी विचारलं, की माझ्या तोंडून आकडा निघत नाही, ओमाच्या घराची गोष्ट निघते.

ओमा म्हणजे आमची घरमालकीण. श्टुटगार्टच्या उतारावर तिचं जुनं दुमजली घर होतं. वरच्या मजल्यावर आम्ही बिऱ्हाड केलं, तेव्हा तिनं सत्तरी ओलांडली होती. सगळी आळी तिला ओमा म्हणायची, म्हणजे आजीच. शनिवारी तिच्याकडे ठरलेला बेत असे: मसूर आणि श्पेट्झलं. लाकडी फळीवर पीठ पसरायची आणि सुरीनं त्याच्या बारीक बारीक बोटव्या भराभरा उकळत्या पाण्यात सोडायची. त्या मसुरात ती शेवटी चमचाभर व्हिनेगर घाली. माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, अख्ख्या मसुरावर वाढलेली मी. पहिल्या शनिवारी तो वास जिन्यावरून वर आला आणि मी न बोलावताच खाली गेले. पुढे त्या स्वयंपाकघरात मी जर्मन शिकले, आणि ओमाच्या घराण्याचा इतिहासही.

ती १९३८ च्या वसंतात शाळेत गेली. त्या काळी तिकडे शाळेचं वर्ष ईस्टरच्या सुमाराला सुरू होई. दप्तरात दगडी पाटी, आणि पाटीला दोरीनं बांधलेला स्पंज दप्तराबाहेर लोंबकळत असे. फोल्क्सशूल म्हणजे साध्या लोकांची शाळा. ती आठ वर्षांची, सहाव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत. आठच का, असं मी एकदा विचारलं. तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. चौदाव्या वर्षी चर्चमध्ये कॉन्फर्मेशन व्हायचं, नवा काळा पोशाख शिवायचा, त्याच वसंतात शाळा सुटायची आणि पोर कामाला लागायचं. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललेलं. वुर्टेंबर्गात, म्हणजे श्टुटगार्टच्या मुलखात, सगळ्या मुलामुलींनी शाळेत गेलंच पाहिजे असा हुकूम १६४९ सालचा, हे मात्र ती छाती काढून सांगायची. प्रशियाच्या राजानं १७६३ साली पाच ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी कायदा केला, त्याच्या शंभरावर वर्षं आधी!

पण तिची ती आठ वर्षं हजेरीपटावरची. १९४४ च्या जुलैत आणि सप्टेंबरात श्टुटगार्टवर बॉम्ब पडले, गावाचा मध्यभाग जळून गेला. शाळा कधी तळघरात, कधी बंद. तिला कुठल्याशा खेड्यात एका शेतकऱ्याकडे ठेवलं होतं. खेड्याचं नाव ती दर वेळी वेगळं सांगे, पण त्या घरातल्या गाईचं नाव तिला पक्कं आठवत होतं. शेवटच्या हिवाळ्यात वर्गातल्या शेगडीसाठी घरून लाकडाचा ढलपा घेऊन जायचा. चौदाव्या वर्षी शाळा संपली आणि ती शिवणकाम शिकायला लागली. तीन वर्षं उमेदवारी, आठवड्यातून एक दिवस व्यवसायशाळा, मग परीक्षा. ती पास झाल्याचं प्रमाणपत्र दिवाणखान्यात चौकटीत लावलेलं होतं, लग्नाच्या फोटोच्या वर. आपल्याकडे आठवी शिकलेली बाई शाळेचा विषय निघाला की गप्प होते. ओमा होत नसे. कारखान्यातले मोठे साहेब तिच्याकडून कोट उसवून, दुरुस्त करून नेत आणि तिच्यापुढे टोपी काढून उभे राहत. शाळा आठ वर्षांची असली तरी पुढं हाताला हुन्नर आणि त्या हुन्नराला मान देणारी व्यवस्था त्या देशानं उभी केली. मला वाटतं, त्या लोकांची सगळ्यात मोठी कमाई हीच.

तिचा थोरला भाऊ हुशार, तो वरच्या शाळेत गेला. नाझी राजवटीनं १९३७ सालीच तेरावं वर्ष काढून टाकलं होतं. सैन्याला पोरं लवकर हवी होती. भाऊ १९२७ चा. त्या सुमाराला जन्मलेल्या मुलांना १९४३ पासून वर्गातून उचलून विमानविरोधी तोफांवर नेऊन बसवलं. पुढे पोप झालेले बेनेडिक्ट सोळावे हेही त्याच सालचे आणि त्याच तोफांवरचे. मास्तर तोफेपाशी येऊन लॅटिन शिकवून जात, असं ओमा सांगे. रात्रभर जागलेली पोरं, ती काय शिकणार! सैन्यात जाताना शाळेनं दाखल्यावर एक शेरा मारून दिला, की हा उत्तीर्ण समजावा. युद्ध संपल्यावर विद्यापीठं तो शेरा मानीनात. कैदेतून परतलेला, मिसरूड फुटलेला भाऊ पुन्हा बाकावर येऊन बसला. त्याची शाळेची वर्षं किती धरायची, ते ओमाला कधी ठरवता आलं नाही. त्याच्याबद्दल बोलताना ती उगाच ओटा पुसत राही.

मावसबहीण राहिली सॅक्सनीत, म्हणजे भिंतीपलीकडे. तिकडचा हिशेबच निराळा. पूर्व जर्मनीनं १९५९ च्या कायद्यानं सगळ्यांना एकच दहा वर्षांची शाळा केली, आणि निवडक मुलांना पुढची दोन, एकूण बारा. निवड फक्त गुणांवर नसे, बापाचा धंदा आणि घरचं राजकारणही पाहिलं जाई. मावसबहिणीच्या मुलाला ती दोन वर्षं मिळाली नाहीत, कारण घर चर्चला जाणारं. नाताळात इकडून कॉफीचं पार्सल जाई, तिकडून श्टोलन येई, सुक्या मेव्याचा तो जड केक. आणि ओमाची लेक शाळेत जायची झाली तेव्हा मावशीनं कागदी शंकू पाठवला, जवळजवळ पोरीच्या उंचीचा, आत खाऊ. पहिलीच्या पहिल्या दिवशी मुलाच्या हाती असा खाऊचा शंकू द्यायची चाल मुळात सॅक्सनी-थुरिंगियाकडचीच.

ती लेक १९६२ ला शाळेत गेली. चौथी संपायच्या सुमाराला एका रविवारी तिचे मास्तर घरी आले. ओमानं प्लमचा केक कापला, आणि तो तसाच ताटलीत राहिला, कारण मास्तर म्हणाले, मुलीला गिम्नाझियमला, म्हणजे तेरावीपर्यंतच्या वरच्या शाळेला, घाला. नवरा म्हणाला, मुलगी लग्न करून जाणार, तेरा वर्षं कशाला? त्या दिवसांत गेओर्ग पिख्ट आणि राल्फ डारेनडोर्फ यांच्या लिखाणानं देशभर गदारोळ उठला होता, की कामकऱ्यांच्या, खेड्यातल्या, मुलींच्या वाट्याला वरचं शिक्षण येतच नाही. ओमानं त्यातलं काही वाचलं नव्हतं. तिनं मास्तरांना एवढंच विचारलं, फी किती? आणि मुलगी गेली.

गेली ती नेमकी गोंधळात. शाळेचं वर्ष ईस्टरऐवजी उन्हाळ्यानंतर सुरू करायचं, असं १९६४ ला हांबुर्गमध्ये राज्यांनी ठरवलं. मग बऱ्याच राज्यांत दोन आखूड वर्षं आली: १ एप्रिल १९६६ ते ३० नोव्हेंबर, आणि १ डिसेंबर ते १९६७ चा जुलै. लेकीची पाचवी आठ महिन्यांची, सहावीही आठ महिन्यांची. प्रगतिपुस्तक नाताळाआधीच हातात आलं, तेव्हा बापाला वाटलं पोरीला शाळेतून काढलं. १९७४ ला ती आबिटुर झाली. घराण्यातली पहिली.

ओमाची जाऊ ऑस्ट्रियातल्या लिंत्सची. ती आली की अर्धचंद्राकार व्हॅनिला बिस्किटं आणि वाद. आमच्या राणी मारिया तेरेझियानं १७७४ ला शाळेचा कायदा केला, असं ती म्हणे, आणि ओमा लगेच, तो लिहायला शाळासुधारक फेलबिगर सायलेशियातून, आमच्या बाजूनं आणवला! ऑस्ट्रियात तेव्हा सहा वर्षांची सक्ती होती, १८६९ ला आठ झाली, १९६२ च्या कायद्यानं नऊ. शेवटची परीक्षा, मातुरा, बारा वर्षांनी, तांत्रिक विद्यालयातून तेरा. जावेचा भाचा झुरिकला. स्विस लोकांनी बहुतेक ठिकाणी सक्तीची अकरा वर्षं केली, पण त्यात बालवर्गाची दोन धरलेली. शाळेचं वर्ष वसंतातून शरदात नेताना त्यांनी जर्मनांच्या उलट केलं, एक वर्ष लांबवलं. आणि तिथं गिम्नाझियमची मातुरा आजही पाचातला एखादाच करतो, बाकीचे उमेदवारीला जातात आणि चांगलं कमावतात.

आम्ही तिथं राहत होतो तेव्हा धाकट्या नातीची पाळी आली. २००१ च्या अखेरीस देशोदेशींच्या शाळकरी मुलांची तुलना करणाऱ्या पिसा चाचणीचे निकाल आले आणि जर्मन लोक हादरले. आमची मुलं शिकून बाहेर पडेपर्यंत म्हातारी होतात, शेजाऱ्यांची बारा वर्षांत आटोपतात, पूर्वेकडच्या सॅक्सनी-थुरिंगियानं तर बाराच ठेवलीत, अशी ओरड झाली. राज्यामागून राज्यानं गिम्नाझियमचं एक वर्ष कापलं. आमच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात २००४ ला पाचवीत बसलेली ही नात त्यातली. वर्ष कापलं, पण पाचवीपासून शेवटपर्यंत आठवड्याच्या तासिकांची बेरीज २६५ भरलीच पाहिजे, हा सगळ्या राज्यांचा नियम तसाच. नऊ वर्षांत आठवड्याला तीसेक तास पडत, ते आठात तेहतिसावर गेले. पोर चार वाजता येई. ओमानं झाकून ठेवलेली श्पेट्झलं गार झालेली असत. ओमाच्या टेबलाशी बसून फ्रेंचची क्रियापदं पाठ करता करता डोकं वहीवर टेकलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. व्हायोलिन सुटलं, मग पोहणं. २०१२ ला तेरा वर्षांवाले आणि बारा वर्षांवाले एकदमच आबिटुरला बसले. आदल्या वर्षी सक्तीची सैनिकी सेवाही थांबलेली, त्यामुळे विद्यापीठांत गर्दी, खोल्या मिळेनात.

त्याच सुमाराला अण्णा, माझे वडील, आमच्याकडे आले होते. ओमानं त्यांना मसूर वाढला, आणि मी दुभाषी होऊन मध्ये बसले. अण्णांनी सांगितलं, माझे वडील व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी. तेवढ्यावर मास्तर झाले. मी अकरावी मॅट्रिक. आणि १९७५ ला आमच्याकडेही जुनी अकरावी आणि नवी दहावी एकाच साली एस.एस.सी.ला बसली! ओमा खुर्चीत पुढं सरकली. तिनं विचारलं, मग कॉलेजात जागा पुरल्या का? अण्णा म्हणाले, कुठल्या पुरतात! दोघं हसले, आणि पुढे माझ्या मदतीवाचून बराच वेळ बोलत राहिले, हे मी पाहिलेलं आहे. कसं ते विचारू नका, तुमच्याही घरात दोन म्हातारी माणसं अशी बोलताना तुम्ही पाहिली असतील.

आता आपल्याकडची मुलं बारावी करून थेट जर्मन विद्यापीठात जाऊ पाहतात, आणि बहुतेकांना आधी इथं कॉलेजचं एखादं वर्ष करावं लागतं, नाहीतर तिकडे श्टुडिएनकोलेग नावाचा तयारीचा वर्ग. आईबाप चिडतात, वर्ष वाया गेलं म्हणतात. मला त्यांना सांगावंसं वाटतं, वाया कसलं! सतराव्या-अठराव्या वर्षी मिळालेलं एक जास्तीचं वर्ष म्हणजे वाढायला मिळालेली सवड.

तिकडच्या पालकांनाही अखेर हेच पटलं. नीडरझाक्सनपासून सुरुवात झाली, मग बव्हेरिया, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालन, एकेक राज्य नऊ वर्षांच्या गिम्नाझियमवर, म्हणजे एकूण तेरा वर्षांवर, परतलं. ऱ्हाइनलांड-फाल्त्सनं बहुतेक शाळांत तेरावी सोडलीच नव्हती. बाडेन-वुर्टेंबर्गात पालकांनी लाखावर सह्या गोळा केल्या. माझी तक्रार आता एकच उरते: दहाव्या वर्षी, चौथी संपताना, कुणी नऊ वर्षं शिकायची आणि कुणी तेरा, याची वाट फुटते. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गात ती सहावीनंतर फुटते. दहा वर्षांचं पोर काय असतं? ओमाच्या दारात ते मास्तर रविवारी आले नसते तर? प्रत्येक दारात असे मास्तर येत नाहीत.

ओमा आता नाही. तिच्या थोरल्या नातवाचा मुलगा २०२५ च्या सप्टेंबरात पाचवीत गेला. त्याची शाळा पुन्हा तेरा वर्षांची आहे. बारा वर्षांवाली शेवटची मोठी तुकडी २०३१ ला बाहेर पडेल, मोजक्या शाळा सोडल्या तर २०३२ ला बाडेन-वुर्टेंबर्गातल्या सर्वसाधारण गिम्नाझियममधून आबिटुरला बसायला कुणी असणार नाही, आणि हा मुलगा २०३४ ला बसेल.