लाखोळी आणि लंगडे पाय
आमच्या महागावच्या कापूस-तुरीच्या शिवारात लाखोळी नसते, ती भंडारा-गोंदियाकडची. उभ्या धानाच्या ओल्या बांधीत बी फेकले की झाले. पाऊस दगा देवो, ही डाळ हाती लागतेच, आणि टंचाईत गरिबाच्या ताटात तीच उरते.

नर्मदेपलीकडे सागर भागात १८२९ पासून सलग तीन वर्षे गहू बुडाला. लोक हीच डाळ खाऊन जगले. मग तिशीच्या आतल्यांचे पाय निकामी होऊ लागले, असे स्लीमनने १८४४ च्या पुस्तकात लिहिले आहे.

१९६१ मध्ये केंद्राने विक्रीवर बंदी घातली, पेरणीवर नाही. घरचे पिकवून खाणाऱ्याला ती शिवलीच नाही. माझ्या मते खरी फट हीच. त्यातले विष मात्र १९६४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि शर्मा यांनी वेगळे काढले. त्याचे नाव ओडॅप. ग्लुटामेटचे सोंग घेऊन हा रेणू चेतापेशींना चेतवत राहतो, शेवटी मारतो. पोटऱ्या ताठरतात, टाचा उचलल्या जातात, पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात.

योगायोग असा, की १९६१ मध्येच अमेरिकेत अलेक्झांडर मॉरो यांना स्नायूतंतूंना बिलगलेल्या सॅटेलाइट पेशी दिसल्या. झिजलेला स्नायू त्याच भरून काढतात, हे पुढे ठरले. लाखोळीने लंगडा झालेल्याचा स्नायू जिवंतच असतो; त्याला हुकूम पोचवणारी मज्जारज्जूतली वाट पुन्हा उगवत नाही.

डाळ भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकले, तर ओडॅप बराच उतरतो. दुष्काळात पाणीही नसते, सरपणही.