श्वानगृहात मांजराचा प्रवेश : लंडनच्या बॅटरसी आश्रयगृहाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

कुत्रा आणि मांजर यांचे हाडवैर असते, ही समजूत बहुतेक भाषांनी वाक्प्रचारांत जपून ठेवली आहे. ज्या प्राण्यांचे वैर कायमचे मानले जाते त्यांच्या जोडीचा समास कसा करावा, यासाठी पाणिनीने 'अष्टाध्यायी'त स्वतंत्र नियम केला. मांजर-उंदीर आणि साप-मुंगूस ही त्या नियमाची परंपरागत उदाहरणे होत. निसर्गदत्त वैराची कल्पना किती जुनी आहे, हे त्यावरून ध्यानात यावे. परंतु एकाच छपराखाली राहणाऱ्या कुत्र्यामांजरांचे वैर कितपत निसर्गाचे आणि कितपत माणसाने लावलेल्या व्यवस्थेचे, हा प्रश्न इतिहासाच्या अंगाने क्वचितच विचारला जातो.

माणसाच्या घरात कुत्रा आधी आला, मांजर पुष्कळ मागाहून आले. जर्मनीतील बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ मध्ये उघडकीस आलेल्या दफनात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत कुत्रा आढळला. हे दफन सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे आहे. माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा जुन्यात जुना पुरावा सायप्रस बेटावरील शिलुरोकांबोस येथे मिळाला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेले हे दफन सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे आहे. शिकारी माणसाचा सोबती म्हणून कुत्रा आला, तर मांजर शेतकऱ्याच्या धान्याच्या साठ्यावर जमणाऱ्या उंदरांच्या मागावर आले. म्हणजे कुत्रा माणसाचा झाला आणि मांजर घराचे झाले, असे ढोबळमानाने म्हणता येईल. हा भेद एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये कायदा, कर आणि दानधर्म या तिन्ही क्षेत्रांत उमटलेला दिसतो. प्रस्तुत निबंधात त्याचा मागोवा एका संस्थेच्या आधारे घेतला आहे. ती संस्था म्हणजे १८६० मध्ये हरवलेल्या कुत्र्यांसाठी निघालेले आणि १८८३ मध्ये मांजरांना दार उघडणारे आश्रयगृह होय.

हरवलेला कुत्रा आणि त्याची किंमत

मेरी टिल्बी (१८०१-१८६५) या बाईंनी उत्तर लंडनमधील हॉलोवे भागात, हॉलिंग्सवर्थ स्ट्रीटवरील तबेलेवजा जागेत हे आश्रयगृह सुरू केले. 'हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांचे तात्पुरते घर' असे त्याचे आरंभीचे नाव होते. यातील 'तात्पुरते' हा शब्द महत्त्वाचा आहे. कुत्रा हरवला आहे, त्याचा कोणीतरी मालक आहे आणि तो मालक येईपर्यंत त्याला सांभाळायचे आहे, अशी यामागील धारणा होती. निराधार जीवाला कायमचा आश्रय द्यावा, हा विचार त्यात मुळात नव्हता.

या उपक्रमाची प्रारंभी भरपूर टवाळी झाली. लंडनच्या रस्त्यांवर माणसे उपाशी असताना कुत्र्यांसाठी घर काढणे म्हणजे भावविवशतेचा कळस, असा सूर 'द टाइम्स'ने लावला. टीकेचा रोख कुत्र्यांपेक्षा त्यांच्या कैवारी स्त्रियांवर अधिक होता, हे लपत नाही. मात्र १८६२ मध्ये चार्ल्स डिकन्स यांच्या संपादनाखालील 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकात एक लेख आला. त्यात बक्षिसपात्र कुत्र्यांचे दिमाखदार प्रदर्शन आणि हॉलोवेतील हे दरिद्री आश्रयगृह यांची तुलना करून आश्रयगृहाला सहानुभूती दाखविण्यात आली होती. त्यानंतर जनमत हळूहळू पालटू लागले.

हे परिवर्तन केवळ भूतदयेने घडले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. कुत्र्याला बाजारात किंमत होती. श्रीमंतांचे कुत्रे पळवून खंडणी उकळणाऱ्या टोळ्या लंडनमध्ये होत्या. कवयित्री एलिझाबेथ बॅरेट यांचा 'फ्लश' नावाचा कुत्रा तीन वेळा पळविला गेला आणि प्रत्येक वेळी पैसे मोजून सोडवावा लागला. या चोऱ्यांना आळा घालण्यासाठी १८४५ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. कुत्र्यावर कर तर १७९६ पासूनच होता, आणि १८६७ मध्ये त्याची जागा पाच शिलिंगांच्या परवान्याने घेतली. त्याच वर्षीच्या महानगर रस्ते कायद्याने बेवारस कुत्रे पकडण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. पकडलेले कुत्रे ठेवायचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर आश्रयगृहाच्या रूपाने तयारच होते. १८७१ मध्ये संस्था थेम्सच्या दक्षिणेस बॅटरसी येथे हलली, तेव्हा ती खाजगी दयाधर्माबरोबरच शहराच्या बंदोबस्ताचेही एक अंग बनली होती.

पिसाळ रोगाच्या भीतीने ही व्यवस्था आणखी घट्ट केली. १८८५-८६ च्या सुमारास लंडनमध्ये या रोगाचा उद्रेक झाला आणि कुत्र्यांना मुसके बांधण्याची सक्ती झाली. आश्रयगृहात येणाऱ्या कुत्र्यांची संख्या वाढली, तसेच ठार केल्या जाणाऱ्यांचीही वाढली. १८८४ मध्ये बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन या वैद्याने येथे वायूने वेदनारहित मृत्यू देणारी कोठडी बसविली होती. ज्याला मालक नाही, गिऱ्हाईक नाही, त्या कुत्र्याची वाट तिकडे जात असे. संस्थेच्या गौरवपर वृत्तांतांत या कोठडीवर सहसा दोन ओळींहून अधिक लिहिले जात नाही. तथापि तिच्यावाचून संस्थेचा हिशोब त्या काळी जुळलाच नसता, हेही नमूद केले पाहिजे.

कायद्याच्या नजरेबाहेरचे मांजर

याच काळात लंडनमधील मांजराची स्थिती काय होती? त्याच्यावर कर नव्हता, त्याला परवाना नव्हता, मुसके नव्हते, आणि त्याला पकडण्याचे फर्मान पोलिसांना कोणी दिले नव्हते. वरवर पाहता हे स्वातंत्र्य वाटते. प्रत्यक्षात ज्याची नोंद नाही त्याची जबाबदारीही कोणावर नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. उन्हाळा आला की पश्चिम लंडनमधील सुखवस्तू कुटुंबे घराला कुलूप लावून गावाकडे किंवा समुद्रकाठी जात. कुत्रा बरोबर जाई किंवा नोकरांच्या स्वाधीन होई, मांजर मात्र बाहेर राही. 'मांजर आपले पोट आपण भरते' ही सबब सर्वांना सोयीची होती. वास्तविक लंडनच्या मांजरांचे पोट मोठ्या प्रमाणात फेरीवाल्यांच्या घोड्याच्या मांसावर चाले. हेन्री मेह्यू यांनी लंडनच्या श्रमजीवींच्या पाहणीत या फेरीवाल्यांची सविस्तर नोंद केली आहे. मेलेल्या घोड्यांचे उकडलेले मांस ते दारोदार विकत, आणि कुत्रा व मांजर दोघांचेही जेवण त्याच गाडीवरून येई. घर बंद झाले की गाडी त्या दाराशी थांबणेही बंद होई.

दरम्यान मांजराची प्रतिष्ठा दुसऱ्या बाजूने वाढू लागली होती. १३ जुलै १८७१ रोजी चित्रकार हॅरिसन वीअर यांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे मोठे प्रदर्शन भरविले. कुत्र्यांचे असे प्रदर्शन न्यूकॅसल येथे १८५९ मध्येच झाले होते, म्हणजे येथेही मांजर बारा वर्षे मागे होते. जाणकारांनी पारख करावी असा हा प्राणी आहे, हे वीअर यांना ठसवायचे होते. ज्या वर्षी श्वानगृह बॅटरसीला आले त्याच वर्षी हे प्रदर्शन भरले. हा योगायोग असेल, परंतु दोन्ही घटनांमागे एकच नागर मध्यमवर्ग उभा होता, हा योगायोग नव्हे.

१८८३ मध्ये बॅटरसीने मांजरे स्वीकारण्यास प्रारंभ केला. हा निर्णय कोणत्याही कायद्याने लादलेला नव्हता. पोलीस मांजरे आणून देत नव्हते आणि त्यांच्यासाठी सरकारी पैसाही नव्हता. कुत्रा बंदोबस्ताच्या मार्गाने संस्थेत येत होता, तर मांजर निखळ दयेच्या मार्गाने आले. त्यामुळेच त्याचे स्थान दीर्घकाळ पाहुण्यासारखे राहिले. १८८५ मध्ये राणी व्हिक्टोरिया संस्थेच्या आश्रयदात्या झाल्या, तेव्हाही संस्था नावाने श्वानगृहच होती.

'सुखी कुटुंबा'चा प्रयोग

भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या आवारात मांजर ठेवणे कितपत शहाणपणाचे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. आश्रयगृहात दोघांना वेगळे ठेवून तिचे निरसन होई. पण या दोघांना एकत्र नांदविता येते, हे लंडनकरांनी रस्त्यावर कितीतरी आधी पाहिले होते. 'सुखी कुटुंब' या नावाचा एक खेळ त्या काळी लोकप्रिय होता. मोठ्या पिंजऱ्यात मांजर, कुत्रा, उंदीर, माकड, घुबड आणि लहान पक्षी एकत्र ठेवून हातगाडीवरून ते दाखविले जात. जॉन ऑस्टिन या खेळकऱ्याकडे या प्रकाराच्या आरंभाचे श्रेय दिले जाते, आणि मेह्यू यांनी अशा एका खेळकऱ्याची मुलाखतही नोंदविली आहे. पुढे अमेरिकेत पी. टी. बार्नम यांनी न्यूयॉर्कमधील आपल्या संग्रहालयात हाच प्रकार मोठ्या थाटात मांडला. प्राण्यांना गुंगीचे औषध दिले असावे, असा संशय काही प्रेक्षक घेत.

या खेळाला विज्ञान म्हणता येणार नाही. त्यात प्राण्यांची ओढाताणही होत असणार. परंतु त्याच्या मुळाशी असलेले व्यवहारज्ञान, म्हणजे पोट भरलेले असावे, सहवास लहान वयातच घडावा आणि घाई करू नये, ते पुढे टिकून राहिले. नव्याने दत्तक घेतलेले मांजर कुत्र्याच्या घरात आणताना आज हेच धोरण सांगितले जाते. प्रथम मांजराला स्वतंत्र खोली द्यावी, दोघांच्या अंथरुणांची अदलाबदल करून वासाची ओळख घडवावी, मग जाळीआडून नजरभेट व्हावी, आणि समोरासमोर आणताना कुत्रा साखळीने धरलेला असावा. मांजराला चढून बसण्यास उंच जागा आणि निसटण्यास वाट असलीच पाहिजे. पळणारे मांजर कुत्र्यातील पाठलागाची प्रवृत्ती जागी करते, म्हणून पळण्याची वेळच येऊ न देणे हे त्यातील मर्म होय.

तेल अवीव विद्यापीठातील फॉयरस्टाइन व टर्केल यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन्ही प्राणी पाळणाऱ्या घरांची पाहणी केली आहे. सुमारे दोन तृतीयांश घरांत त्यांचे संबंध सलोख्याचे आढळले आणि उघड वैर फारच थोड्या घरांत होते. मांजर सहा महिन्यांच्या आत व कुत्रा एक वर्षाच्या आत एकमेकांना भेटल्यास जम लवकर बसतो. शिवाय मांजर घरात आधी आलेले असल्यास संबंध अधिक चांगले राहतात, असेही दिसून आले. या शेवटच्या निष्कर्षाकडे इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष द्यावयास हवे. मानवी संस्कृतीत आणि बॅटरसीच्या आवारातही क्रम नेमका उलटा होता. मांजराला प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या घरात शिरावे लागले.

मृत्यूतील समता आणि नावातील प्रवेश

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, सप्टेंबर १९३९ मध्ये, या दोन प्राण्यांमधील भेद एकदाच पुरता पुसला गेला, तोही भयंकर रीतीने. बॉम्बवर्षाव आणि अन्नटंचाई यांच्या धास्तीने लंडनकरांनी आपली पाळीव कुत्री-मांजरे मारून घेण्यासाठी रांगा लावल्या. इतिहासकार हिल्डा कीन यांनी २०१७ मधील आपल्या ग्रंथात अशा सुमारे ४ लाख प्राण्यांचा आकडा दिला असून ही सर्व हत्या जेमतेम आठवड्याभरातील आहे. सरकारने तसा हुकूम काढला नव्हता आणि शहरावर बॉम्बही अद्याप पडले नव्हते. बॅटरसीचे आश्रयगृह युद्धकाळातही चालू राहिले.

शांततेच्या काळात जुना भेद परत आला. १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्यानुसार वाहनाखाली कुत्रा सापडल्यास अपघाताची वर्दी देणे चालकास बंधनकारक झाले. घोडा, गाढव, मेंढी, डुक्कर, शेळी यांचीही नावे त्या यादीत आहेत, मांजराचे नाही. १९८८ च्या कायद्यातही यादी तशीच उतरली. कुत्र्याचा परवाना १९८७ मध्ये रद्द झाला, म्हणजे जवळपास दोन शतके राज्यसंस्थेने कुत्र्याची गणती ठेवली आणि मांजराची ठेवली नाही.

संस्थेच्या नावात मांजराचा समावेश २००२ मध्ये झाला आणि 'बॅटरसी श्वान व मार्जार गृह' हे नाव रूढ झाले. प्रवेशापासून नाव लागेपर्यंत ११९ वर्षे गेली. फेब्रुवारी २०११ मध्ये याच आश्रयगृहातून 'लॅरी' नावाचा बोका पंतप्रधानांच्या १०, डाउनिंग स्ट्रीट या निवासस्थानी उंदीर मारण्यासाठी नेण्यात आला. पुढे २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांचा 'डिलिन' आणि २०२२ मध्ये ऋषी सुनक यांची 'नोव्हा' ही लॅब्रडॉर कुत्री त्या घरात राहावयास आली. लॅरी तेथे आधीपासून होता. नोव्हाशी त्याच्या चकमकी झाल्या आणि त्यांत बोका वरचढ ठरला, अशा वार्ता वृत्तपत्रांनी दिल्या. पंतप्रधान बदलले, कुत्री आली आणि गेली, बोका मात्र जागचा हलला नाही.

कुत्र्याच्या कातडीखाली ओळखचिप बसविण्याची सक्ती इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०१६ पासून झाली. मांजरासाठी तीच सक्ती १० जून २०२४ रोजी लागू झाली. हरवलेल्या मांजराचाही कोणीतरी मालक असतो, हे गृहीतक १८६० मध्ये हॉलोवेच्या तबेल्यात केवळ कुत्र्यापुरते मान्य झाले होते. मांजराच्या बाबतीत ते कायद्यात उतरण्यास १६४ वर्षे लागली.