छत्तीसचा आकडा

जिंतूर, सेलू, पाथरी आणि गंगाखेड या तालुक्यांत फिरून १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी मी काही वर्षे जमवतो आहे. खडी फोडलेली माणसे, सुकडी खाऊन वाढलेली तेव्हाची मुले, सगळ्यांचे बोलणे टंकून ठेवले आहे. त्यावरून लिहिलेल्या एका टिपणात मी ठामपणे म्हटले होते की, लोक दुष्काळी कामांबद्दल भरभरून बोलतात. सोयऱ्याधायऱ्यांच्या आधाराबद्दल मात्र क्वचितच. हे विधान चुकीचे होते. ती चूक एका जुन्या लॅपटॉपने कशी उघड केली, त्याची ही हकिकत.

लॅपटॉप मोडीत काढायचा होता. अभियांत्रिकी शिकणाऱ्या भाच्याने त्यावर फ्रीबीएसडी ही युनिक्सच्या कुळातली प्रणाली घालून दिली. जाताना म्हणाला, "मामा, हे आपणहून काही बोलत नाही. विचाराल तेवढंच सांगतं." समोर काळा पडदा आणि लुकलुकणारी खूण. बिनतारी इंटरनेट जुळेना, म्हणून मोबाइल वायरने जोडला. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही आमच्याकडची म्हण आठवून पुढे सरकलो.

या प्रणालीचे कूळ पाहू लागलो तेव्हा माझ्यातला इतिहासाचा विद्यार्थी जागा झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत युनिक्सची सुरुवात केली. पुढे त्यांना मोठे यंत्र मिळाले ते पेटंट विभागाचे अर्ज टंकण्याच्या निमित्ताने. म्हणजे मजकूर हाताळणे हे युनिक्सचे अगदी आरंभीचे काम. तिथून ती बर्कलीच्या विद्यापीठात गेली आणि बीएसडी ही शाखा फुटली. १९९२ मध्ये मालकीहक्काचा खटला उभा राहिला. तो १९९४ मध्ये मिटला, तेव्हा सुमारे १८,००० फायलींपैकी फक्त तीन काढाव्या लागल्या. फ्रीबीएसडी याच धामधुमीत, १९९३ साली जन्मली.

युनिक्सची रीत अशी की प्रत्येक साधन एकच लहान काम करते आणि एकातून निघालेले दुसऱ्यात ओतता येते. डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे ही सोय १९७३ मध्ये आली. मी मुलाखतींतले सगळे शब्द सुटे केले, क्रमाने लावले आणि सारखे शब्द मोजून एकेका ओळीत आणले. काळ्या पडद्यावर काने-मात्रे विस्कटले होते. तो पडदा जुन्या टेलिटाइपचा वारस. एका चौकोनात एक अक्षर एवढेच त्याला ठाऊक. म्हणून यादी फाइलमध्ये घेऊन, देवनागरी फाँट घालून वाचली. त्यात 'सोयऱ्यांकडे' हा शब्द दोनदा होता.

डोळ्यांना दोन्ही शब्द तंतोतंत सारखे. यंत्राला दोहोंचे बाइट मोजायला सांगितले. एकाचे ३३, दुसऱ्याचे ३६.

कारण शोधायला पुन्हा इतिहासातच जावे लागले. युनिकोडची देवनागरी बेतली गेली ती इस्की या भारतीय संकेतावर. त्यात 'ऱ' हे अक्षर मुळात द्राविडी भाषांतल्या उच्चारासाठी होते. मराठीचा अर्धा 'र' लिहायला त्याच 'ऱ'चा पाय मोडायचा, ही एक पद्धत. साधा 'र' घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह ठेवायचे, ही दुसरी. १९९६ च्या युनिकोड २.० मधली ही पद्धत पुढेही ग्राह्य राहिली. थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचलेल्या यूटीएफ-८ संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ते अदृश्य जोडचिन्हही तीनच घेते. तेहतीस आणि छत्तीस यांतला फरक तेवढाच.

मी टंकलेल्या मुलाखतींत पहिली पद्धत होती. बायकांच्या मुलाखती दुसऱ्या कोणी, वेगळ्या कळफलकावर टंकल्या होत्या, त्यांत दुसरी. शोधाचा शब्द मी माझ्या कळफलकावर टंकत असे, म्हणून मला माझेच शब्द सापडत. माहेरी ठेवलेली पोरे, गोदाकाठच्या सोयऱ्यांकडे धाडलेली गुरे, उसनी आणलेली ज्वारी हे सारे बायकांनी सांगितले होते आणि माझ्याजवळच पडून होते. माझ्या शोधाचा त्यांच्याशी छत्तीसचा आकडा होता.

निजामी राजवटीचा इतिहास वाचणाऱ्याला एकच गाव उर्दू, मोडी आणि बाळबोध अशा तीन लिप्यांत शोधायची सवय असते. लिपी बदलली की आपण आपोआप सावध होतो. इथे लिपी एक, शब्द एक, वळणही एक. सावध व्हायला निमित्तच नव्हते. दोष जुन्या प्रणालीचाही नव्हता. तिच्यावर मी जे शोधले ते तिने दिले. मोजायला मात्र मी कधी सांगितले नव्हते.

मूळ फायली होत्या तशाच ठेवल्या आहेत. त्यांची प्रत करून तिच्यात सगळीकडे एकच रूप केले. 'शेतकऱ्यांना', 'गावकऱ्यांनी', 'अधिकाऱ्यांकडे' हे शब्दही आता पुन्हा मोजायचे आहेत. ते टिपण मी मागे घेतले. नवे लिहायला घेतले आहे. त्याची सुरुवात गोदाकाठी धाडलेल्या गुरांपासून होते.