हळदीची जखम आणि छापील पुरावा

वेल्ह्यातील पासलीसारख्या गावी विळा लागला की जखमेवर हळद दाबतात. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेने याच उपयोगाचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिले! डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने त्यास आव्हान दिले. अडचण अशी की परदेशातील तोंडी परंपरा अमेरिकी कायद्याला पुरावा म्हणून चालत नसे. लिखित आधारच हवा. आजीची साक्ष निरुपयोगी. अखेर संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेख कामी आला. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले.

हा विजय आपण मिरवतो, त्याच वर्षीचा पराभव सहसा सांगत नाही. औषधांचे पेटंट-अर्ज स्वीकारण्याची पक्की कायदेशीर सोय भारताने केली नाही, ही अमेरिकेची तक्रार जागतिक व्यापार संघटनेने ग्राह्य धरली. परिणामी १९९९ मध्ये आपल्याला १९७० चा पेटंट कायदा बदलावा लागला.