रद्द टोकनच्या चाचणीवर भाष्य

ओपनस्टॅकच्या कीस्टोन या ओळख-सेवेत वापरकर्त्याने पासवर्ड बदलला की त्याची आधीची सगळी टोकन रद्द होतात. ही हमी तपासणारी चाचणी कधी पास, कधी फेल होत असेल, तर ती दुरुस्त झाल्यावर अशी वाचता येते.

घड्याळ गोठवा.
पायथनमध्ये हे काम फ्रीझगन करते. गरज पडते ती फर्नेट टोकनमुळे. ती २०१५च्या किलो आवृत्तीत आली आणि ओकाटापासून डीफॉल्ट झाली. त्यांचा टाइमस्टॅम्प पूर्ण सेकंदांचाच असतो.

जुने टोकन घ्या. ते चालते हे पाहा.
मुळातच न चालणारे टोकन पुढे नाकारले गेले, तर काहीच सिद्ध होत नाही.

पासवर्ड बदला.
फर्नेट टोकन डेटाबेसात साठवलेले नसते, त्यामुळे खोडायला काही नसते. कीस्टोन फक्त नोंद करते: या वापरकर्त्याची या क्षणापर्यंतची टोकन बाद. 'पर्यंत'मध्ये तो क्षणही येतो, आणि ते योग्यच आहे.

घड्याळ एक सेकंद पुढे न्या.
सगळी दुरुस्ती या ओळीत आहे. ती नसेल तर नवे टोकन पासवर्ड बदलाच्याच सेकंदात निघते आणि निघताक्षणी बाद ठरते. खऱ्या घड्याळावर निकाल मशीनच्या वेगावर ठरतो: संथ मशीनवर पास, वेगवान मशीनवर फेल. सेकंदभर स्लीप घातली तरी भागते, पण अशा शेकडो चाचण्या साचल्या की मिनिटे वाया जातात. तिसरी वाट घातक आहे: तुलनेतला बरोबरीचा क्षणच वगळणे. चाचणी हिरवी होईल, पण त्याच सेकंदात जुन्या पासवर्डने कोणी मिळवलेले टोकन जिवंत राहील. चाचणीच्या सोयीसाठी सेवा सैल करू नये, असे माझे ठाम मत आहे. एकच टोकन रद्द करताना मात्र त्याचा ऑडिट आयडी जुळवला जातो. तिथे ही अडचण येत नाही, म्हणून त्या चाचण्यांत घड्याळाशी खेळू नये.

अ‍ॅडमिनच्या टोकनने जुन्याची चौकशी करा: ४०४.
आकडा नेमकाच हवा. विचारणाऱ्याचे टोकन एका हेडरमध्ये जाते, ज्याची चौकशी करायची ते दुसऱ्यात. ४०१ आला तर विचारणाऱ्याचेच टोकन बाद आहे. अ‍ॅडमिन आणि वापरकर्ता एकच खाते असेल तर असेच होते. केवळ '२०० नको' एवढेच पाहणारी चाचणी इथे चुकीच्या कारणाने पास होते.

नवे टोकन घ्या; त्याची चौकशी करा: २००.
ही ओळ गाळली, तर पासवर्ड बदलल्यावर वापरकर्त्याला कायमचे बाहेर ठेवणारी सेवाही या चाचणीत उत्तीर्ण होईल.